पगडी आणि चेहरा : ‘रामशास्त्री’वरून वऱ्हाडातला एक वाद

प्रभातच्या ‘रामशास्त्री’ची श्रेयनामावली वाचताना अमरावतीकराची मान ताठ व्हावी अशी तीन नावं त्यात आहेत. रामशास्त्र्यांची भूमिका करणारे, आणि दिग्दर्शक म्हणूनही ज्यांचं नाव रूढ आहे, ते गजानन जागीरदार १९०७ साली अमरावतीत जन्मले. त्या दिग्दर्शनात ज्यांचा हात होता ते विश्राम बेडेकरही अमरावतीचेच, जागीरदारांहून काही महिन्यांनी मोठे. संगीत देणाऱ्यांपैकी केशवराव भोळे, जन्म १८९६, तेही इथलेच. १९४४ साली पुण्यात तयार झालेला, पेशव्यांच्या दरबारातल्या न्यायाधीशावरचा, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेला हा चित्रपट, आणि त्यात आमच्या एका गावची तीन माणसं. आमच्या गावात मात्र राजकमल, चित्रा, श्याम, प्रभात, सरोज अशी चौकांची नावं पडली ती टॉकीजांवरून. पडद्यावर किंवा पडद्यामागे काम केलेल्या या तिघांचं नाव रोजच्या बोलण्यात कुठेच येत नाही.

यावरून, आणि मग पिक्चर नक्की कोणाच्या जोरावर उभा राहतो यावरून, आमच्या घरात वाद पेटला. वाद घालणारी दोन्ही माणसं या धंद्यातली असल्यामुळे तो लिहून ठेवण्याजोगा वाटला. मामांनी नोकरीची सगळी वर्षं अमरावतीत एका सिनेवितरकाच्या ऑफिसात काढली. सी. पी. बेरार सर्किटचं मोठं ठाणं म्हणजे अमरावती. मुंबईहून रिळांच्या पेट्या इथे यायच्या आणि इथून अकोला, यवतमाळ, खामगाव, वाशीमकडे निघायच्या. पेटीसोबत जाणारा, टॉकीजवर बसून तिकिटांचा हिशेब ताडून पाहणारा जो रिप्रेझेंटेटिव्ह, ते मामांचं काम. ताई माझी मावसबहीण. अकोल्यात तिचं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळांची स्नेहसंमेलनं, शिवजयंतीच्या मिरवणुका, हौशी नाटकं, सगळ्यांना अंगरखे, पगड्या, जिरेटोप, तलवारी भाड्यानं देते.

मामांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच. “पोरी, मी खिडकीपाशी उभा राहून जिंदगी काढली. माणूस खिडकीवर येते अन् एकच इचारते, कोण हाये पिच्चरमधी? कपडे कोणी शिवले असं इचारणारा मले आजपर्यंत भेटला नाई. पिच्चर चेहऱ्यावर चालते. ‘रामशास्त्री’ जागीरदारांचा. बाकीचे सारे त्याच्या मांगं.”

“विचारत नाहीत कारण कपडे बरोबर असतात,” ताई म्हणाली. “एक पगडी चुकू द्या, मामा. पहिल्याच प्रवेशाला सारं थिएटर हसते की नाही पाहा. मग तुमचा चेहरा काही कामाचा राहत नाही.”

पगडीचं ती हवेत बोलत नाही. तिच्या दुकानातल्या पगड्या मी हातात घेऊन पाहिल्या आहेत. आत पुठ्ठ्याचा साचा, त्यावर कापडाची पीळ दिलेली पट्टी घट्ट गुंडाळून टाके घातलेले, पुढच्या कोकीला जरीची किनार. आतल्या अस्तरावर घामाचे पिवळे डाग एकावर एक चढलेले. डोकं लहान असलं की ती आत धोतराच्या फडक्याची घडी बसवते, मोठं असलं की मागची शिवण बोटभर उसवते. नटाच्या डोक्यावर पगडी ठेवली की ती त्याला सांगते, आता झटकन मान वळव. मान वळली आणि पगडी मागे राहिली तर ती पगडी परत फळीवर जाते. अंगरख्याचे बंद ती स्वतः बांधून पाहते, कारण परत येणाऱ्या अंगरख्यात एक तरी बंद तुटलेला असतोच, आणि बंद तुटलेला पेशवा रंगमंचावर एका हातानं छाती धरून उभा राहतो.

“आणि मामा,” ती पुढे म्हणाली, “रामशास्त्र्यांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्टच मुळी कपड्यांची आहे. शास्त्रीबाई वाड्यात गेल्या, पेशवीणबाईंनी त्यांना भरजरी नेसवलं, दागिने घातले, पालखीत बसवून घरी पाठवलं. शास्त्रीबुवांनी दारातूनच सांगितलं, ही बाई आमच्या घरची नाही. ही गोष्ट कपडेपटाशिवाय उभी राहते का? भरजरी काय आणि साधं काय हा फरक डोळ्यांना दिसला पाहिजे. तो फरक कपडे करणारा माणूस दाखवतो. नट त्यात नंतर शिरते.”

मामांनी हे ऐकून घेतलं, पण मानलं नाही. इथे मला माझं म्हणणं मध्येच मांडावंसं वाटतं. ताईचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण राजेरजवाड्यांच्या चित्रपटाची चर्चा होते तेव्हा आपण झगमगाट मोजतो. ‘मुगल-ए-आझम’बद्दल बोलताना शिवणकाम दिल्लीचं, भरतकाम सुरतेचं, दागिने हैदराबादचे, मुकुट कोल्हापूरचे, मोजड्या आग्र्याच्या, अशी यादी लोक तोंडपाठ म्हणतात. ती खरीच कौतुकाची आहे. पण ‘रामशास्त्री’चं काम त्याहून अवघड होतं. तिथे दरबाराच्या ऐन मध्यावर एक साधा माणूस उभा करायचा होता, आणि त्या साधेपणापुढे मसनद फिकी पडायला हवी होती.

शिवाय काळ कोणता? दुसरं महायुद्ध चालू होतं. कच्ची फिल्म सरकारी परवान्याशिवाय मिळत नव्हती. चित्रपटाच्या लांबीवर बंधन होतं. १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आलं. आमच्या अमरावती-अकोल्याच्या बाजारातून कापसाच्या गाठी मुंबईला जात होत्या, आणि इथल्याच बाईला लुगड्यासाठी रांगेत उभं राहावं लागत होतं. अशा दिवसांत पेशवाईचा दरबार उभा करायचा म्हणजे अंगरख्याचा घेर, पगडीची पट्टी, नऊवारीची लांबी, सगळं आधीच्या चित्रपटांच्या कपडेपटातून उसवून, रंगवून, फिरवून वापरण्यावाचून गत्यंतर नसणार. हा माझा तर्क आहे. पण ज्यानं एकदा तरी नाटकाचे कपडे सांभाळले आहेत त्याला तो पटेल.

वाद प्रभात कंपनीवर आला तेव्हा ताईचा आवाज चढला. “तीन दिग्दर्शक झाले या पिक्चरला. राजा नेने, बेडेकर, जागीरदार. दुसरीकडे एवढी उलथापालथ झाली असती तर तीन तुकडे तीन दिशांना गेले असते. इथे पिक्चर एकसंध राहिला. कशामुळे? पटकथा शिवराम वाशीकरांची, ज्यांनी आधी ‘संत तुकाराम’ लिहिला होता. कलेची सगळी बाजू साहेबमामा फत्तेलालांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांकडे. सुतार, रंगारी, शिंपी, सगळे महिन्याच्या पगारावर, एका आवारात. दिग्दर्शक बदलला तरी वाड्याचा दरवाजा लावणारा माणूस तोच होता.”

“मंग मले एक सांग,” मामा म्हणाले. “कारागीर तेच, आवार तेच, तं शांतारामबापू गेल्यावर प्रभात बसली काऊन? १९४२ मधी थे गेले, अन् दहा-अकरा वर्षांत कुलूप लागलं. तुह्या शिंप्या-सुतारांनी धरून ठेवाची होती कंपनी.”

हा घाव वर्मी बसला. ताई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “बापू गेल्यावरच तर ‘रामशास्त्री’ झाला, मामा. एक माणूस गेला तर कंपनी उभी राहू शकते, हे त्या पिक्चरनं दाखवलं. नेनेही गेले, १९४५ मध्ये कंपनीचे एक संस्थापक दामले वारले. घडवणारे एकेक करून गेले. मी कुठे म्हणते माणसं लागत नाहीत? एकाच माणसानं होते, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही.”

यानंतर मामांनी जे मांडलं ते मी आजवर कुठल्याच लेखात वाचलेलं नव्हतं. त्यांनी ‘रामशास्त्री’ची पेटी पुढे सकाळच्या खेळांसाठी गावोगाव नेली होती. जुन्या प्रेक्षकांना खेळानंतर टॉकीजच्या फाटकाशी बोलताना ऐकलं होतं.

“तू कपडे पाह्यते. लोकं काय पाहून राह्यले होते थे सांगतो. पिच्चर आला कवा? चव्वेचाळीस मधी. त्याच्या दोन वर्षं आधी आपल्या जिल्ह्यात काय झालं? बेनोडा, यावली. आज या गावाईच्या नावापुढं शहीद लागते. तिकडं वर्धेच्या आष्टीत, चांद्याच्या चिमूरात काय झालं? कोर्टानं गावच्या लोकाईले फाशीची शिक्षा ठोठावली होती. घराघरात थेच बोलणं. अन् पडद्यावर एक न्यायाधीश, राज्य ज्याच्या हाती हाये त्या राघोबादादाले समोर उभा राहून सांगते, तुह्यासाठी देहान्त प्रायश्चित्त. लोकाईले रामशास्त्री कोणत्या सालचा होता याच्याशी काई घेणं नव्हतं. सरकारले शिक्षा सांगणारा माणूस त्याईनं पाह्यला. थे जागीरदारांच्या तोंडून निघालं म्हणून पटलं. त्या वेळी पगडी कोणाच्या ध्यानात होती?”

नारायणराव पेशव्याचा खून शनिवारवाड्यात १७७३ साली झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याचा दोष नारायणरावाचा काका राघोबा याच्यावर ठेवला आणि स्वतः पुणं सोडलं. चित्रपट त्या क्षणाकडे चालत जातो. सोहराब मोदींचा ‘पुकार’ १९३९ चा, तोही न्यायावरचाच दरबारी चित्रपट. पण तिथे न्याय बादशहा जहांगीर देतो. प्रजा मागते, सिंहासन देतं. ‘रामशास्त्री’त सिंहासन आरोपीच्या जागी उभं आहे. पाच वर्षांत हिंदी-मराठी दरबारी चित्रपट एवढं अंतर चालून आला, आणि मधल्या काळात बेचाळीसची चळवळ होऊन गेली होती, हे मामांच्या बोलण्यामुळे मला पहिल्यांदा नीट दिसलं. आम्हा वऱ्हाडी लोकांचा राजदरबाराशी जुना संबंध वसुलीचाच. दोअमलीत निजामाचाही माणूस दाराशी यायचा आणि नागपूरकर भोसल्यांचाही. पेशवा माधवरावाची फौज भोसल्यांवर चालून आली तेव्हा तुडवला गेला तो हाच मुलूख. दरबाराच्या वैभवानं इथला शेतकरी दिपून जाण्याचं कारण नव्हतं. दरबाराला जाब विचारणारा माणूस त्याला जवळचा वाटणं साहजिक होतं.

जागीरदारांच्या अभिनयाबद्दल मामांचा पक्ष मलाही मान्य आहे. १९४१ च्या ‘शेजारी’त, ज्याची कथा बेडेकरांची होती, जागीरदार मराठी आवृत्तीत मिर्झा झाले आणि हिंदी ‘पडोसी’तही मिर्झाच. नट हिंदू, आणि दोन जिवलग शेजाऱ्यांपैकी दोन्ही भाषांत मुसलमान शेजारी त्याच्या वाट्याला. असा नट रामशास्त्र्याच्या जागी उभा राहतो तेव्हा समोरच्याची बाजूही त्याला ठाऊक असते. राघोबाकडे तो शत्रू म्हणून पाहत नाही. म्हणून ती शिक्षा जड वाटते.

राघोबाची बायको आनंदीबाई हिच्या भूमिकेवर मात्र दोघांचं काही काळ जमलं. ललिता पवारांना १९४२ मध्ये एका चित्रीकरणात थप्पड लागली आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेच्या भूमिका संपल्या. त्यानंतरच्या पहिल्या काही भूमिकांपैकी ही आनंदीबाई.

“पाह्य, हा चेहरा,” मामा म्हणाले. “नथ-शालू काई बी घाल, थो डोळा कुठून आणशीन?”

“डोळा त्यांचाच,” ताई म्हणाली. “पण दुसऱ्या कोणी तो लपवला असता, किंवा बाईंना घरी बसवलं असतं. तो चेहरा कोणत्या बाजूनं घ्यायचा, उजेड किती ठेवायचा, पदर कुठपर्यंत ओढायचा, हे कोणीतरी जपून केलं असेल ना? त्या माणसाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?”

“नाई.”

“मलाही नाही. मला त्याचंच वाईट वाटते.”

केशवराव भोळ्यांवर वाद झालाच नाही. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’ यांचं संगीत ज्यानं दिलं, डॉक्टरकीचं शिक्षण सोडून जो गाण्यात पडला, त्याच्याबद्दल दोघांनाही आदर आहे. ‘रामशास्त्री’त बाल राम अनंत मराठे आणि त्याची चिमुकली बायको बेबी शकुंतला यांच्या प्रसंगांना भोळ्यांच्या चालींनी जी कोवळीक आणली तिच्यामुळे पुढचा कठोर शास्त्री आपल्याला परका वाटत नाही, एवढं मी माझ्यातर्फे म्हणेन.

बेडेकरांवर मात्र जुंपली. मामांची नाराजी अशी, की हा माणूस कुठे थांबलाच नाही. १९३९ मध्ये ‘रणांगण’सारखी कादंबरी लिहिली आणि सिनेमाकडे वळला, सिनेमातून नाटकाकडे, पुन्हा सिनेमाकडे. “थांबले असते तं ‘रामशास्त्री’वर त्याईचं नाव मोठं लागलं असतं.”

ताईनं यावर १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ काढला. इराणी दरबाराची कथा, रुस्तम पृथ्वीराज कपूर, सोहराब प्रेमनाथ, राजकन्या तहमीना सुरैया, संगीत सज्जाद हुसेन यांचं, निर्माते एफ. यू. रामसे, आणि दिग्दर्शक विश्राम बेडेकर. सुरैयाचा हा शेवटचा चित्रपट. “अमरावतीचा माणूस इराणचा बादशाही दरबार उभा करते, पृथ्वीराजना उभं करून काम घेते, आणि तुम्ही म्हणता ते थांबले नाहीत! ‘रामशास्त्री’त जे शिकले ते घेऊन गेले. दरबार मोठा असो की लहान, त्यात एका बापाच्या हातून मुलगा मरतो हे प्रेक्षकाला लागलं पाहिजे, हे त्यांना कळत होतं.”

“चालला का थो पिच्चर?” मामांचा धंदेवाईक प्रश्न.

“गाणी आजही ऐकतात, मामा.”

“गाणी इचारली नाई मी.”

‘मुगल-ए-आझम’ त्याच्या तीनच वर्षं आधी आलेला. अकबराच्या पोशाखात पृथ्वीराज लोकांच्या डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हते. त्यांच्यासोबत जोधाबाई होत्या आमच्या दुर्गा खोटे, ज्या १९३२ मध्ये प्रभातच्याच ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या होत्या. म्हणजे राणीचं चालणं, बसणं, पदर सावरणं यांची पहिली तालीम कोल्हापूरच्या आवारात झाली आणि तिचा कळस के. आसिफच्या शीशमहालात दिसला. मराठी कंपन्यांनी दरबारी चित्रपटाला काय दिलं याचा हिशेब मांडायचा तर तो अशा माणसांच्या वाटचालीतून मांडावा लागेल. तिकीटबारीच्या आकड्यांत तो सापडणार नाही.

एकट्यानं काही उभं राहत नाही या मुद्द्यावर मी ताईच्या बाजूला झुकलो, आणि त्याचं कारण पुन्हा जागीरदारच. प्रभात बंद पडल्यावर तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख गजानन जागीरदार. ज्या जागेवर उभं राहून त्यांनी राघोबाला शिक्षा सांगितली होती त्याच आवारात ते परत आले, शिकवायला. पुढे वार्धक्यात त्यांनी दूरदर्शनसाठी रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरची मालिका दिग्दर्शित केली. पुन्हा तोच माधवराव, तोच शनिवारवाडा, आणि रमाबाईंच्या भूमिकेत तेव्हाची कोवळी मृणाल देव. चेहऱ्याच्या जोरावर उभा राहिलेला नट असता तर तो आपल्या भूमिकेच्या आठवणींत रमला असता. जागीरदार हाताखाली माणसं घडवत राहिले. एकट्यानं दरबार उभा राहत नाही हे त्यांना स्वतःला सगळ्यात नीट माहीत होतं.

मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “म्हणूनच तं सांगतो, थो माणूस मोठा.”

तिथून बोलणं एकदम कामावर आलं. मामांची इच्छा आहे की अमरावतीत एखाद्या चौकात, जुन्या टॉकीजच्या भिंतीवर, तिघांच्या नावांची पाटी लागावी. ताईला पाटीपेक्षा वर्षातून एकदा ‘रामशास्त्री’चा खेळ हवा, आणि खेळाच्या आदल्या दिवशी अमरावती-अकोल्याच्या पोरांना पगडी बांधणं, अंगरखा कापणं, टोप बसवणं शिकवायचं शिबिर. तिच्या दुकानात नवीन पगडी बांधणारं माणूस आता मिळत नाही. जुन्याच पगड्यांना ती टाके घालत राहते. शाळेचे लोक प्लॅस्टिकची तयार पगडी घेऊन येतात आणि तिला विचारतात, ही चालेल ना. तिला त्या प्रश्नाचा फार त्रास होतो.

दोन्ही व्हावं असं मी म्हटलं. पाटीच्या मजकुरावर पुन्हा अडलं. ताई म्हणते, तिघं अमरावतीचे म्हणून वर घ्या, पण खाली राजा नेने, वाशीकर, फत्तेलाल, ललिता पवार, अनंत मराठे, बेबी शकुंतला ही नावं आली पाहिजेत, आणि त्याखाली प्रभातच्या कपडेपटातले आणि सुतारखात्यातले कामगार, नावं मिळतील तेवढी. मामा नेने आणि वाशीकरांना लगेच तयार झाले. ललिताबाईंनाही हो म्हणाले. कामगारांच्या नावांवर थांबले.

“एवढी नावं बसतीन का पाटीवर?”

“मोठी पाटी करू.”

“करू. पण जागीरदारांचं नाव मोठ्या अक्षरात.”

“सगळ्यांचं एकाच अक्षरात, मामा.”

पाटीचा खर्च कोण करणार हे अजून ठरलेलं नाही. अक्षरांचा आकारही ठरलेला नाही. प्रभातच्या कपडेपटात कोण काम करत होतं याचा शोध मात्र ताईनं सुरू केला आहे.